किसनमामांचा निळा

मित्रांनो, आज पाथरीच्या किसनमामांना त्यांच्या टेलरिंग दुकानाची वेबसाइट दाखवली. तिच्यात रंग मालकानंच निवडायचा, अशी सोय मी ठेवलीय. एक रंग दाबला की सगळं पान त्या रंगाचं होतं.

मामांचं बोट निळ्यावर थांबलं.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून दंगली झाल्या, त्या नामांतराच्या वर्षांत मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. मामांनी आधी निळीच पाटी सांगितली होती. मग "नको बाबा, निळं बघून दुकान फोडतील," म्हणून पांढरी करून घेतली.

"मामा, दाबा की!"

"गिऱ्हाईक तुटलं तर?"

"तर परत बदलू. पाटी थोडीच हाय?"

त्यांनी दाबलं. पान निळंशार झालं. मामा स्क्रीनजवळ सरकले.

"बदलू का मामा?"

"हात लावू नको लेका!"

तुमच्या दुकानाचा रंग कुणी ठरवला, तुम्ही की भीतीनं?