फुकटच्या केसची वकील

"रडून झालं? मग पाणी प्या आणि पहिल्यापासून सांगा," असं म्हणत त्या पेनाचं टोपण दातांनी काढायच्या. लखनौच्या कचेरीत सगळे त्यांना 'वकील साहिबा' म्हणत. मी एकटीच ताई म्हणायचे. मूळच्या आमच्याच नागपूरकडच्या. यजमान रेल्वेत, बिऱ्हाड मानक नगरच्या कॉलनीत.

ज्याच्या रागावण्यानं धीर येतो असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. ताई तशा होत्या.

माझी शाळा सातवीतच सुटलेली. नवरा चारबाग स्टेशनावर हमाली करायचा. तो वारला आणि थोड्याच दिवसांत घरमालकानं आमची भाड्याची खोली खाली करून घ्यायला दावा लावला. पदरात लहान पोरगी, गावाकडे कोणी उरलेलं नाही. शेजारीण म्हणाली, "मुफ़्त वकील मिलता है, बहन, पर गरीब दिखना पड़ेगा." मग मी तिचीच एक फाटकी साडी मागून नेसले, केसांना तेल लावलं नाही, आणि कोर्टातल्या कायदेशीर मदत समितीच्या बाकावर जाऊन बसले.

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही साडी तुमची?"

"नाही, शेजारणीची."

"मग केस काय तिची चालवू?"

बाकावरची माणसं हसली. ताईंनी आवाज खाली आणला. "बाई, इथं उत्पन्न बघतात, ठिगळं नाही. तहसीलचा दाखला आणा. मर्यादेत बसलात की माझी फी, स्टॅम्प, टायपिंग, सगळं समिती देते. आणि उद्या चांगली साडी नेसून या. भीक मागायला नाही आलात."

"आणि हरले तर?" माझं जुनंच भ्यालेलं मन.

"समोरच्याचा खर्च कोर्ट तुमच्यावर घालू शकतं. खोटा दिलासा देणार नाही मी."

त्या रात्री झोप लागली नाही. पण माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो याच उत्तरानं.

मालकाचं म्हणणं, खोली पुतण्याला हवी. ताईंनी उलटतपासणीत अगदी गोड आवाजात विचारलं, "ऊपर के दो कमरों में ताला किसका है, लालाजी?"

"हमारा ही है."

"तो भतीजे को सीढ़ी चढ़ने में तकलीफ़ है?"

जजसाहेबांनीही मान खाली घालून हसू लपवलं. बाहेर आल्यावर मालकाचा वकील ताईंना टोमणा मारू लागला, "मुफ़्त के केस में इतनी मेहनत, साहिबा?"

"फ़ीस कम है, भाई साहब. क़ानून तो उतना ही है."

मी मागेच उभी होते. ही माझी वकील, असं वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटलं मला.

पुढं यजमानांची बदली झाली आणि ताई लखनौ सोडून गेल्या. आता त्यांच्या क्वार्टरमध्ये दुसरंच कुटुंब आहे. पण निकालाची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दावा फेटाळला होता. मी चूल पेटवत होते, तेवढ्यात पोरगी धावत आली, "मम्मी, वकील आंटी बाहर खड़ी हैं!"

दार सताड उघडं होतं. मालक वरच्या सज्ज्यातून बघत होता. ताई चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या.

"या ना ताई, अशा उभ्या का?"

"घर तुमचं आहे," त्या मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "तुम्ही म्हटल्याशिवाय आत कशी येऊ?"