चौथा चरण

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी उच्चारलेली नाही. पत्नीपाशी नाही, मुलांपाशी नाही. सकाळ-संध्याकाळ ज्याच्यापुढे बसतो त्या देवापाशीही नाही — त्याला ती ठाऊकच आहे, या सबबीवर तेथेही टाळली. तुम्ही माझे कोण, हे मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी बोलणे साधेल.

दारांपासून आरंभ करतो. दारांविषयी बोलणे सोपे आहे.

आमचे घर वाशीमला, तळ्याकडे उतरणाऱ्या बोळात. धाब्याचे, जाड भिंतींचे. आणि आतली दारे बुटकी. ओसरीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, तेथून देवघरात — प्रत्येक ठिकाणी वाकावे लागे. दारे सागवानाची, आजोबांच्या वेळची. त्यांना बिजागऱ्या नव्हत्या. फळीचाच एक खुंट उंबऱ्याच्या खळग्यात फिरे. सांडपाण्याच्या ओलीने खालच्या कडा कुजल्या होत्या, एखादी झडप भुईला घासे. दोष म्हणावा तर एवढाच. ही दारे दुरुस्त करावी की काढून नवी बसवावी, असा प्रश्न घरात निघाला. इतक्या साध्या प्रश्नात पाप कोठून शिरेल, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

घरात आम्ही दोघे भाऊ. दादा थोरले, मी धाकटा. वडिलांनी दोघांना एकत्रच संथा दिली. पुढे मला अध्ययनासाठी नाशिकला धाडले आणि दादा घर सांभाळायला मागे राहिले. तिशीनंतर त्यांची दृष्टी मंदावत गेली, आणि अखेर गेलीच. तेव्हापासून ग्रंथ मी वाचावा आणि त्यांनी ऐकावा, असा क्रम पडला. दुपारची जेवणे झाली की मी पोथी सोडी. ते भिंतीला पाठ लावून बसत. एकदा कानी पडलेला श्लोक त्यांनी पुन्हा विचारल्याचे मला आठवत नाही. मी वाचीन ते ग्रंथात आहेच — याविषयी त्यांनी शंका तरी का घ्यावी?

दारे दुरुस्त करावीत, असे दादांचे मत. त्यांना ती हाताला ओळखीची होती. कोणाला लोखंडी फुल्या, कोणाला नुसती कडी, कोणाचा करकर आवाज. घरात ते काठीवाचून वावरत. पण स्वतःच्या सोयीचे कारण त्यांनी पुढे केले नाही. बोटांच्या पेरांनी फळी वाजवून ते एवढेच म्हणाले, “खालची कड तेवढी कापून नवी फळी सांधा, विष्णू. वरचे लाकूड आपल्या दोघांहून ठणठणीत आहे.”

मला नवी दारे हवी होती. का? — तेही सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या मुलाच्या सोयरिकीचे बोलणे अकोल्याच्या एका वकिलांकडे चालले होते. वकीलसाहेब घर पाहायला आले. जेवायला आत नेताना माजघराच्या चौकटीला त्यांचे पागोटे लागले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेले. आत बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वकीलसाहेबांनी पागोटे झटकले, पुन्हा चढवले आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमच्या घरी देवापेक्षा चौकटीलाच अधिक नमस्कार घडतात बुवा!” सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री मी ठरवले की ही दारे या घरात राहणार नाहीत. कारण एवढेच. याहून मोठे कारण शोधून पाहिले — सापडले नाही.

दादांना डावलून काही करणे आमच्या घरात संभवत नव्हते. त्यांना पटवणेही कठीण; कारण जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधणीहून अधिक, हे मीच कितीदा त्यांच्यादेखत लोकांना सांगितले होते. त्यांच्यापुढे एकच गोष्ट चालली असती — शास्त्रवचन. आणि असे वचन कोठेही नव्हते.

ते मी रचले.

लिहिताना दुसरे शब्द घालून पाहिले. पण शब्द हेच. आंघोळीनंतर तळ्याच्या पायरीवर धोतर पिळता पिळता मी एक अनुष्टुभ् रचला. ओले वस्त्र खांद्यावर टाकून घरी पोचेपर्यंत तो पुरा झाला होता. दुपारी पोथी सोडली, थोडे वाचले, आणि मध्येच, त्याच स्वरात, म्हटले —

कपाटं जीर्णमुद्धृत्य यो गृहे पुनरर्पयेत् ।
लक्ष्मीस्तस्य गृहाद्याति सन्ततिश्च न वर्धते ॥

जुनी झालेली झडप डागडुजी करून जो पुन्हा घरात बसवतो, त्याच्या घरातून लक्ष्मी जाते आणि संततीही वाढत नाही. हा अर्थ.

तीन चरणांत माझे काम झाले होते. लक्ष्मी जाते, एवढे पुरे होते. पण श्लोकाला चौथा चरण लागतो. आठ अक्षरे उरली होती; ती छंदात सहज बसली, म्हणून मी ती बसवली. ज्याने जन्मभर छंद घोकला त्याच्याच हातून असे घडू शकते. दुसरा कोणी साधे खोटे बोलला असता, आणि ते तिसऱ्या चरणाशीच संपले असते.

दादांनी विचारले, “पण मग जीर्णोद्धाराचे पुण्य?”

“ते देवालयाविषयी,” मी म्हणालो. “हे गृहाविषयी आहे.” भेद करणे मला चांगले येत असे.

त्यांनी तो श्लोक ओठांतल्या ओठांत एकदा म्हटला. मग म्हणाले, “विष्णू, देवघराचे दार मीच दुरुस्त करविले होते.”

खरेच तसे होते. मी ते विसरलो होतो. माझ्या नाशिकच्या दिवसांतली गोष्ट. दादांचे लग्न नुकतेच झालेले, दृष्टी अजून शाबूत. देवघराच्या दाराची एक फळी वाळवीने खाल्ली होती. वडील नवे दार करायला निघाले असता दादांनी हट्टाने जुनेच सांधून घेतले होते.

आणि वहिनींना मूल झाले नाही.

वहिनींविषयी तुम्हाला काय सांगू? गावात त्यांना काय म्हणत ते तुम्ही जाणता. तो शब्द मी येथे लिहीत नाही. बारशाला त्यांना बोलावणे नसे, आणि कोणाची ओटी भरायची असली की त्या आपण होऊन परसात जात. माझ्या पत्नीला दिवस गेले तेव्हा आईने वहिनींना तिच्या ताटाला हात लावू दिला नव्हता, आणि मी ते समोर बसून पाहिले होते. दादांनी दुसरे लग्न करावे, म्हणून आधारासह उपदेश करणारा मीच होतो. त्यांनी ऐकले नाही. मानमोडीच्या साथीत वहिनी गेल्या. ‘मी तुमचे घर रिकामे ठेवले,’ असे त्या शेवटी दादांना म्हणाल्या, हे मला दादांकडूनच कळले होते.

त्या दुपारी दादा पोथीच्या दिशेने तोंड करून बसले होते. म्हणाले, “म्हणजे दोष तिच्याकडे नव्हताच. माझ्याकडे होता.”

येथे — या जागी — मला बोलता आले असते. ‘दादा, हे वचन नाही, माझी रचना आहे,’ एवढे एक वाक्य. ते रागावले असते. फार तर काही दिवस अबोला धरला असता. पोथी माझ्या मांडीवर उघडी होती. मी बोट ठेवून पुढची ओळ वाचायला लागलो.

दारे काढण्याची आज्ञा मग दादांनीच दिली. रहीम मिस्त्री काम करायला आला. जुन्या झडपा त्याने नीट उचलून भिंतीला लावल्या आणि बकऱ्यांच्या गोठ्यासाठी मागितल्या. दादा त्याला श्लोकाचा अर्थ सांगून म्हणाले, “नको बाबा. हा दोष तुझ्या घरी कशाला नेतोस?”

“बकऱ्यायले कायची लक्ष्मी, पंडितजी?” रहीम हसून म्हणाला. “त्यायले पाला पाह्यजे. आन् लेकरायचं म्हनसान तं दरसाली दोन-दोन पिल्लं देऊन राह्यल्या. मी तं म्हन्तो, कमीच झाली तं बरं!”

दादा हसले नाहीत. दारे कोणाला दिली नाहीत. पावसाळाभर ती आमच्या पाणी तापवण्याच्या चुलाणात जळाली. सागवान जुने, आच चांगली होती.

नवी दारे उंच आली, वर रंगीत काचा, पितळी बिजागऱ्या. सगळी एकसारखी, गुळगुळीत, मुकी. वकीलसाहेब ताठ मानेने आत आले. लग्न झाले. दादा मात्र घरात चुकू लागले. एकदा देवघर समजून ते सुनेच्या खोलीत शिरले. ती बिचारी किंचाळली. तेव्हापासून ओसरीवरून आत येताना ते कोणाला तरी हाक मारीत, आणि हाकेला कोणी नसले तर तेथेच बसून राहत. याविषयी ते कधी बोलले नाहीत. हे त्यांना सोसण्याजोगे होते, असे मला वाटते. दुसरे, वहिनींविषयीचे, नव्हते.

त्यांनी मला प्रायश्चित्त विचारले. पाहा — दोष मी निर्माण केला आणि त्याचे प्रायश्चित्तही मलाच विचारले गेले! मी हलकेसे काही सांगितले : एक उपोषण, थोडे दान. त्यांना ते पुरेसे वाटले नाही. “एका बाईचे आयुष्य गेले त्यात,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडले. अळणी भाकरी, अळणी वरण. माझी पत्नी वैतागून म्हणे, “अहो, जरा तुम्ही तरी सांगा ना त्यांना! तुमचं ऐकतात ते.” माझे ऐकत, हे खरे होते. पंगतीत ते माझ्या उजव्या हाताला बसत. माझ्या पानात मीठ वाढले जाई, त्यांच्या पानावरून वाढणारीचा हात पुढे सरके. हे वर्षानुवर्षे चालले. तुम्ही विचाराल, तो घास माझ्या घशाखाली कसा उतरत होता? उतरत होता. नीट उतरत होता. हेही मला सांगायचे होते.

आणखी एक. श्लोक दादांनी स्वतःपाशी ठेवला नाही. इतरांना असा दोष लागू नये म्हणून ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनी तो पाठ करविला. पुढे एकदा कामरगावला एका सधन शेतकऱ्याच्या घरी वास्तुशांतीला गेलो असता तेथला तरुण भिक्षुक तो मोठ्या शुद्ध उच्चाराने म्हणाला, आणि यजमानाने चांगली धडधाकट दारे काढून टाकली. त्याने मला आधार विचारला तेव्हा मी होकारार्थी मान हलवली.

दादांचे शेवटचे दुखणे लांबले नाही. त्यांची शुद्ध स्वच्छ होती. मी उशाशी होतो. आणखी कोणी नव्हते, म्हणजे ऐकणारेही कोणी नव्हते. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, “विष्णू, आता ती भेटेल. पहिल्याने तिच्या पाया पडेन. चालेल ना रे? नवऱ्याने पडलेले चालते ना?”

त्यांना शास्त्र हवे होते. अखेरपर्यंत ते माझ्याकडून शास्त्रच मागत राहिले.

मी त्यांच्या ओठांना गंगेचे पाणी लावले आणि म्हणालो, “चालते, दादा.”