चौदा नंबरचं चित्र

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी डोळ्यांच्या ऑपरेशनचं निमित्त केलं, कधी बायकोच्या आजारपणाचं. आमच्या गॅलरीच्या भिंतीवर आजही एक फाटकं चित्र टांगलेलं आहे. त्याच्याखालचं नाव चुकीचं आहे आणि ते मी माझ्या हाताने लिहिलेलं आहे. ज्याचं ते नाव, तो माणूस मागच्या वर्षी वारला. माझीही आता फार वर्षं उरलेली नाहीत.

पंचवटीत भांड्यांच्या गोदामावरचे दोन हॉल घेऊन आम्ही एकवीस चित्रकार-शिल्पकारांनी सहकारी संस्था काढली होती. मालक सगळेच. झाडू मारायचा, भिंतीत खिळे ठोकायचे, आलेल्या माणसाला चित्रं दाखवायची, हे सगळं पाळीने. रोज दोघांनी बसायचं. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेलो, रिकामा, म्हणून सचिव.

एकवीसमध्ये एक जण पेठकडचा होता. डोंगरातलं गाव, भाताची थोडी शेती. पावसाळ्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी आणि चित्रं. तैलरंग कसे वापरायचे ते मीच त्याला शिकवलं होतं. दर रविवारी तो एसटीने यायचा, माझ्या गच्चीवर बसायचा. दोन वर्षांत त्याचा हात माझ्यासारखा चालायला लागला. रंग जाड, फटकारे आडवे. लोक म्हणायचे, सरांचा पठ्ठ्या.

पण चित्रं टांगायची वेळ आली की त्याचं चित्र जिन्याजवळ, मोरीच्या दाराशेजारी जायचं. दर वेळी. एका सभेत तो उभा राहिला.

"माझ्या चित्राला मोरीचा वास आवडतो, असं कुणी ठरवलं?"

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "काल ब्रश धरायला शिकलास, आज दर्शनी भिंत पाहिजे?"

तो म्हणाला, "तुमी शिकवलं म्हणून जल्मभर खालीच बसायचं का, सर?"

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी उठून त्याची कॉलर धरली. शर्टाची दोन बटणं तुटली. त्याने मला ढकललं, मी खुर्चीसकट आडवा झालो, आणि उठताना हाताला लागलेला स्टूल त्याच्या अंगावर फेकला. त्याच्या गुडघ्याची कातडी सोलून निघाली. दोघांना चौघांनी धरलं. साठी ओलांडलेला मी, इतक्या वर्षांत वर्गातल्या पोरावरही हात उगारला नव्हता.

त्याच सभेत त्याने सुचवलेला नियम मंजूर झाला. वार्षिक प्रदर्शनात चित्रावर सही नाही, खाली नाव नाही, फक्त नंबर. चित्रं कागदात गुंडाळून सचिवाकडे द्यायची. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, ते सभासदांनी मतं टाकून ठरवायचं. नंबर आणि नावांची यादी पाकिटात बंद, लाखेचं सील. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं. तोवर कुणी विचारलं तरी नाव सांगायचं नाही. यादी मी केली, त्यामुळे नावं मला एकट्याला माहीत होती.

पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त मतं चौदा नंबरला पडली. ते चित्र माझं होतं.

नदीकाठच्या भाजीबाजारात मी एक प्रसंग पाहिला होता. तिथे बसायच्या जागा वाटणारा एक माणूस होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. एका दुपारी त्याने एका भाजीवालीचे केस धरून तिला फरफटत रस्त्यावर आणलं आणि तिच्याच तागडीने तिला मारलं. लोखंडी पारडं तिच्या तोंडावर बसलं तेव्हा झालेला आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला. तिचे दात मेथीच्या जुडीवर पडले. मी पुढे झालो नाही. घरी आलो आणि कागदावर खुणा करून ठेवल्या. चित्रात भाऊचा चेहरा मी हुबेहूब काढला, भुवईवरच्या जुन्या व्रणासकट. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र, असं तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती. सोबतचा सभासद आला नव्हता, म्हणून मी मनातल्या मनात चिडलो होतो. दुपारी बाराच्या सुमाराला चार जण जिना चढून आले. शेवटी भाऊ. कुणीतरी चित्राचा फोटो काढला होता, तो बाजारातल्या सगळ्या फोनवर फिरत होता.

तो चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

"नाक चांगलं जमलंय," तो म्हणाला. "कुणी काढलं, मास्तर?"

"इथे नावं नसतात. नंबर असतात."

"बरं. मग चौदा नंबरला बोलवा."

त्याचे लोक हसले. मी म्हणालो, यादी बंद आहे, मला माहीत नाही. एकाने उघड्या पंजाने माझ्या कानावर मारलं. बराच वेळ त्या कानाला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या हॉलमध्ये आमच्या एका सभासद बाईंनी भाजलेल्या मातीची मुंडकी मांडली होती. एकाने पहिलं उचललं आणि माझ्या पायाशी आपटलं.

"एकेक फोडतो," तो म्हणाला. "तू आठवत बस."

सहा की सात फुटली. एक तुकडा माझ्या नडगीत घुसला. मग दोघांनी मला टेबलावर दाबलं आणि एकाने माझ्या उजव्या हाताची करंगळी मागे वाकवायला सुरुवात केली. सावकाश. बोट कुठपर्यंत जातं ते बघत.

मी नाव सांगितलं. त्याचं.

"पेठकडचा आहे," मी म्हणालो. "इथे नसतो. आवणीला गावी गेलाय."

त्यांनी बोट सोडलं. पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःला समजावलं की तो लांब होता, डोंगरात, चिखलात, म्हणून त्याचं नाव घेतलं, त्याला कोण शोधायला जाणार. पण त्या दिवशी गावाबाहेर असलेले आणखी तिघे होते. एक तर परदेशात मुलाकडे होता. त्यांची नावं माझ्या तोंडात आली नाहीत. त्याचंच आलं, विचार न करता, आणि ते घेताना ती तुटलेली बटणं मला आठवली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

ते निघणार इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. माझ्यासोबतच्या सभासदाने पाळी बदलून घेतली होती. ग्रुपवर तसं टाकलंही होतं, मी वाचलं नव्हतं. बदली म्हणून आवणी एक दिवस थांबवून, पहाटेची एसटी पकडून तो आला होता. पायजम्यावर चिखल होता.

"उशीर झाला, सर. गाडी बंद पडली वाटेत," दारातूनच तो म्हणाला. मग त्याने जमिनीवरच्या खापऱ्या पाहिल्या.

भाऊने विचारलं, "पेठचा का तू?"

"हा."

"हे तू काढलं?"

त्याने चित्राकडे पाहिलं. कुणाचा हात आहे ते त्याला कळायला क्षणही लागला नसणार. त्याने शेजारची भिंत पाहिली, तिथे नऊ नंबरचं त्याचं स्वतःचं चित्र होतं, आवणीच्या बायका. मग तो म्हणाला, "इथं नंबर असतो. नाव नसतं."

"मास्तरांनीच सांगितलं तुझं नाव."

तो माझ्याकडे वळला. मी टेबलाला धरून उभा होतो. एक शब्द पुरे होता. मी खाली खापऱ्यांकडे पाहिलं.

"सर म्हणत असतील तं असंल," तो म्हणाला.

त्या वाक्यात काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. राग, टोमणा, की नियम पाळायचा हट्ट. विचार करायला वेळही नव्हता. पहिली लाथ त्याच्या पोटात बसली. तो वाकला तसा एकाने भिंतीजवळची एक रिकामी चौकट त्याच्या पाठीवर हाणली, ती तुटली, मग तुटक्या पट्टीने मारलं. पट्टीत खिळे होते. शर्ट फाटून पाठ उघडी पडली. त्याने एकाच्या दंडाला दात लावले आणि सोडेना, तेव्हा त्याचं डोकं भिंतीवर दोनदा आपटलं. नऊ नंबरच्या चित्राखाली रक्ताचा पट्टा उमटला.

मग भाऊ उठला. खिळे ठोकायची हातोडी खिडकीत होती, सकाळी मीच ठेवलेली. त्याने ती उचलली.

"कुठल्या हाताने काढतो रे?"

ते त्याने मला विचारलं होतं. माझी नजर भिंतीशी पडलेल्याच्या उजव्या हाताकडे गेली. तेवढं त्यांना पुरलं.

अभिप्रायाच्या वहीवर त्याचा पंजा दाबून धरला. चार घाव घातले. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला ओरड अर्ध्यात तुटली. पुढच्या दोन घावांना फक्त हाडांचा आवाज आला, सुकी काटकी पायाखाली यावी तसा. मी तीन हात अंतरावर उभा होतो. मला कुणी धरलेलं नव्हतं.

जाताना भाऊने खिशातून चाकू काढून चित्रातला आपला चेहरा तेवढा नीट कापून घेतला. घडी घालून वरच्या खिशात ठेवला.

दवाखान्यात जाताना रिक्षात त्याने तो फुटलेला हात मांडीवर ठेवला होता, माझ्या उपरण्यात बांधलेला. उपरणं गळत होतं. रिक्षावाला सारखा मागे वळून सीटकडे बघत होता. माझ्या शेजारी तो वाटभर एवढंच म्हणाला, "घरी कळवू नका, सर. आवणी चालू हाय."

पोलिसांना मी जबाब दिला की मारामुळे मला काही आठवत नाही, तोंडंही नाही. भाऊ पकडला गेला असता तर नाव कुणी दिलं ते बाहेर आलं असतं. त्यानेही दवाखान्यातून तसाच जबाब दिला. प्रकरण तिथेच थांबलं.

शेवटच्या दिवशी पाकीट फोडायचं होतं. आदल्या दिवशी मी ते घरी नेलं, लाख तापवून सोडवली आणि नवी यादी लिहिली. चौदा नंबरपुढे त्याचं नाव, नऊ नंबरपुढे माझं. पुन्हा सील केलं. माझ्या शिकवणीमुळे दोघांचा हात सारखा, कुणाला शंका आली नाही. सभेत टाळ्या वाजल्या. खेड्यातल्या गरीब कलावंताचं धाडस, अशी भाषणं झाली. त्याच्या गैरहजेरीत शाल आणि श्रीफळ देण्यात आलं, ते त्याच्या वतीने मीच घेतलं. भोक पडलेलं चित्र कायमचं भिंतीवर लावायचं ठरलं. आणि त्याने धडक्या हाताने काढलेलं शेवटचं चित्र, त्या आवणीच्या बायका, संस्थेच्या नोंदीत माझं झालं. मातीची मुंडकी करणाऱ्या बाईंनी मला मुद्दाम येऊन सांगितलं, "सर, यात तुम्ही पहिल्यांदा हात मोकळा सोडलाय."

तो पुन्हा गॅलरीत आला नाही. शाल मी पोस्टाने पाठवली. यादीत काय झालं ते त्याला कळलं होतंच, वर्तमानपत्र पेठलाही जातं. त्याने कधी हरकत घेतली नाही.

चार वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो. तो अंगणात डाव्या हाताने कोंबड्यांना दाणे टाकत होता. उजव्या हाताचा पंजा आत वळलेला, तीन बोटं चिकटल्यासारखी. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला आणि ती आत निघून गेली, परत बाहेर आली नाही. आम्ही भातावर बोललो, एसटीच्या वेळांवर बोललो. हात दुखतो का, मी विचारलं. "थंडीत," तो म्हणाला. गॅलरी चालू हाय का, त्याने विचारलं. चालू आहे, मी म्हणालो. असे दोन तास गेले.

तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. लांबून गाडी दिसली तेव्हा म्हणाला, "सर, तुमी काही बोलायला आलता का?"

"नाही रे. सहज," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

नाशिकहून निघाल्यापासून मी ते पाठ करत होतो. फार नव्हतं. चित्र माझं होतं. नाव मी घेतलं, आणि दुसरी नावं असताना तुझं घेतलं. त्यांनी हात विचारला तेव्हा तुझ्या हाताकडे मी पाहिलं. तुझं चित्र मी माझ्या नावावर केलं. मला माफ कर.