जमनीबाईच्या शेजारची खोली

दिग्रसला जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लांबट दगडी इमारत आहे. शंभर वर्षांपूर्वी एका कापूस व्यापाऱ्यानं ती गाडीवानांसाठी बांधली. लांबून कापूस घेऊन आलेली माणसं माप होईपर्यंत तिथं मुक्काम करायची. पुढं गाड्या गेल्या, ट्रक आले, आणि पन्नासेक वर्षांपूर्वी गावातल्या चार भल्या माणसांनी तिथं निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला. जुनं नाव मात्र सुटलं नाही. ऑटोवाल्याला आजही ‘धर्मशाळा’ म्हटलं की तो तिथंच नेऊन सोडतो.

या इमारतीच्या नूतनीकरणाचं काम दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं आलं. मी यवतमाळला एका आर्किटेक्टकडं नोकरी करत होते, आणि नकाशे माझ्या हातचे होते. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्या नकाशांचा वाटा आहे.

आश्रमाचे सचिव वामनराव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चैत्रात एके सकाळी सगळ्या चौदा जणांना मोठ्या दालनात बसवलं आणि सांगितलं, की आठ महिने इमारत रिकामी करावी लागेल. ज्यांना नातेवाईक नेतील त्यांनी तिकडं जावं, बाकीच्यांची सोय यवतमाळच्या दुसऱ्या आश्रमात केली आहे. ते एकेकाचं नाव घेत होते आणि जो तो आपण कुठं जाणार ते सांगत होता.

“जमनीबाई राठोड?”

“मी कुठीच नाई जात,” मागून आवाज आला.

सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. दंडापर्यंत बलोयी, म्हणजे बंजारा बायकांच्या पांढऱ्या बांगड्या, आणि डोक्यावरून घेतलेली जुनी ओढणी. वामनरावांनी समजावलं, थोडं रागावूनही पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “गुर्जी, एकडाव एका महिन्यासाठी घर सोडलं होतं मी.”

ती गोष्ट मला नंतर कळली. जमनीबाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा शंकरसिंग वारल्यावर त्या तांड्यातल्या घरात एकट्या राहायच्या. एकदा बहीण आजारी पडली म्हणून पुसदकडं महिनाभर गेल्या. परत आल्या तर दाराला पुतण्याचं कुलूप. पुतण्या म्हणाला, काकी, तू आता तिकडंच राहशील असं वाटलं. आत त्याच्या सोयाबीनची पोती लावलेली होती. जमनीबाई कोणाशी भांडल्या नाहीत. ओट्यावर थोडा वेळ बसल्या, मग बस धरून दिग्रसला आल्या. त्याला अकरा वर्षं झाली होती.

शेवटी वामनरावांनी माघार घेतली. विहिरीजवळची सामानाची खोली आम्ही शेवटपर्यंत मोडणार नव्हतो. जमनीबाईंनी आपली खाट तिथं नेली.

बाकीचे तेरा जण आठवड्याभरात गेले. सगळ्यात शेवटी गेल्या विमलताई. केळापूरजवळच्या एका गावच्या, शेतकऱ्याघरच्या. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. दालनात जमनीबाईंची आणि त्यांची खाट अकरा वर्षं एकमेकींना लागून होती. जमनीबाई त्यांना रस्त्यावरून कोण गेलं, कोणाच्या अंगावर कोणतं लुगडं आहे, आभाळ कुठल्या बाजूनं भरलं, सगळं सांगायच्या. विमलताई त्यांचे केस विंचरायच्या आणि बोटांनी चाचपून दोघींच्या वाटचा लसूण सोलायच्या. विमलताईंचा पुतण्या अमर त्यांना न्यायला आला, तेव्हा जमनीबाईंनी त्यांचं बोचकं गाडीत ठेवलं.

“आठच महिने,” विमलताई म्हणाल्या.

“मी हाव ना अठी,” जमनीबाई म्हणाल्या. “तुही जागा मी राखून ठेवतो.”

मग इमारत मोकळी झाली आणि आम्ही तोडायला सुरुवात केली.

मी आठवड्यातून तीन दिवस कामावर असायचे. जमनीबाई सकाळी एकटीपुरती भाकर टाकायच्या आणि विहिरीच्या कठड्याशी बसून खायच्या. अकरा वर्षांत त्यांनी एकटीनं जेवण केलं नव्हतं. सुरुवातीला मजूर बाया त्यांना दुपारी आपल्यात बोलवायच्या. पण त्यांचं बोलणं त्यांच्या घरांचं, पोरांचं, मुकादमाचं; जमनीबाई थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायच्या आणि उठून जायच्या. पाच वाजले की मिस्त्री, मजूर, मी, सगळे निघून जायचो. फाटकातून वळून पाहिलं की एवढ्या मोठ्या उघड्यावाघड्या इमारतीपुढं जमनीबाई उभ्या दिसायच्या. हात हलवायच्या नाहीत. नुसत्या उभ्या.

रविवारी मी कामावर नसायचे, म्हणून त्यांनी माझ्याकडून विमलताईंचा, म्हणजे अमरचा, नंबर कागदावर लिहून घेतला. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याकडून फोन लावून घ्यायच्या. सोमवारी मला सांगायच्या, “विमल म्हने, करमत नाई तठी. सून चांगली हाय, पन बोलाले कोनी नाई.” हे सांगताना त्यांना बरं वाटायचं, आणि आपल्याला बरं वाटतं याची लाजही वाटायची, असं मला दिसायचं.

श्रावणात भिंती उभ्या राहायला लागल्या तशा त्या एक दिवस माझ्याजवळ आल्या. “छोरी, विमलची खाट कुठी येईन?”

मी त्यांना नकाशा दाखवला. दालन आता राहणार नव्हतं. त्याच्या जागी ओळीनं खोल्या, प्रत्येकीला आतच संडास-बाथरूम, भिंतीला धरायला नळी, पलंगाजवळ बेल. “ही तीन नंबर विमलताईंची. ही चार नंबर तुमची.”

“अन् हे मधात काय?”

“भिंत आहे आजी. प्रत्येकाला स्वतंत्र खोली.”

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. “कोनी मांगतली वं हे?”

देणगीदारांची तशी इच्छा होती. वामनरावांना ती मान्य होती. आमच्या साहेबांना वाटलं, म्हाताऱ्या माणसांना मानानं राहता आलं पाहिजे. मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही सगळ्यांनी चांगलाच विचार केला होता. फक्त त्या चौदा जणांना कोणी विचारलं नव्हतं.

जमनीबाई पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नव्या भिंतींवर पाणी मारायचं काम स्वतःकडं घेतलं. तरुणपणी नवऱ्याबरोबर रस्त्याच्या, पुलाच्या कामांवर त्यांनी वर्षानुवर्षं मजुरी केली होती. उकंडा मिस्त्री म्हणाला, “मॅडम, या बाईले सांगा लागत नाई. भिंत किती पानी पेते ते हिले समजते.” सकाळ-संध्याकाळ पाइप धरून त्या खोलीखोलीत फिरायच्या. तीन नंबरच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ थांबायच्या. मधल्या भिंतीलाही त्यांनीच पाणी मारलं, दोन्ही बाजूंनी.

मार्गशीर्षात काम संपलं. पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले. दगडी दर्शनी भाग घासून पुसून असा उजळला होता, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. जमनीबाई धरून चौदांपैकी नऊच जण उरले. दोघं त्या आठ महिन्यांत वारले होते, दोघांना यवतमाळलाच राहायचं होतं, एकाला त्याच्या मुलीनं ठेवून घेतलं.

विमलताई उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी आल्या. जमनीबाई सकाळपासून फाटकाशी. अमरनं हात धरून उतरवलं. विमलताईंनी त्याचा हात सोडला आणि म्हणाल्या, “आता मले वाट मालूम हाय.”

दारापाशी त्यांनी पाय उंच उचलला. तिथं पूर्वी वीतभर उंबरा होता. चाकाची खुर्ची जावी म्हणून आम्ही तो काढला होता. पाय अधांतरी जाऊन खाली आपटला आणि त्या झोकांडल्या. जमनीबाईंनी धरलं. “सोड, सोड,” म्हणत विमलताई पुढं गेल्या. दारापासून खाटेपर्यंत नऊ पावलं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. वाटेत एक डुगडुगणारी फरशी होती. ती पायाखाली आली की डावीकडं वळायचं. ती फरशी आता नव्हती. सगळीकडं एकसारख्या गुळगुळीत टाइल्स. त्या पावलं मोजत गेल्या आणि सातव्या पावलाला त्यांचा पसरलेला हात भिंतीला लागला.

त्या भिंत चाचपत राहिल्या. खाली, वर, बाजूला. रंगाचा ताजा वास येत होता.

“जमने,” त्या हळूच म्हणाल्या, “हे कुठी आनलं वं मले?”

“आपलंच घर हाय, विमल.”

“नाई. आपल्या घरी असा आवाज येत नाई.”

खरंच होतं. उंच दालनात आवाज घुमायचा. आता त्याखाली दुसरं, बुटकं छत आलं होतं.

पुढचे चार दिवस जमनीबाईंनी जिवाचं रान केलं. हात धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत, खोलीपासून जेवणघरापर्यंत पुन्हा पुन्हा नेलं. विमलताई घाबरून गेल्या होत्या. ओल्या टाइलवर पाय घसरेल म्हणून पलंगावरून उतरेनात. भिंतीपलीकडं हाक मारली तर ऐकू जाईना. बेल दाबली तर परिचारिका यायची, जमनीबाई नाही. पाचव्या दिवशी त्यांनी अमरला बोलावून घ्यायला सांगितलं.

जमनीबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. “आठ महिने मी अठी एकटी राह्यली. कोनासाठी?”

“तठी मले आता वाट समजते, जमने. घर लहान हाय. चुलीपासून मोरी चार पावलं. अठी मी आंधयी झाली.”

“मंग जाय! कायले आलती?”

अमर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. विमलताई चार नंबरच्या दाराशी दोन वेळा थांबल्या, हाक मारली. आतून कडी होती. जमनीबाईंनी दार उघडलं नाही. गाडी गेल्याचा आवाज आल्यावर त्या बाहेर आल्या आणि थेट फाटकापर्यंत गेल्या. मी तिथंच होते. माझ्या बाजूनं तशाच परत आत गेल्या.

त्यानंतर मी वामनरावांशी बोलले. उंबऱ्याच्या जागी पायाला कळेल अशी खडबडीत पट्टी, जेवणघरापर्यंत दोर, मधल्या भिंतीत दार, असं बरंच काही सुचवलं. ते म्हणाले, “आता कोणासाठी?” चुकीचं बोलत नव्हते.

पौषात एक दिवस जमनीबाईंचा निरोप आला, मले विमलकडे ने. त्या पहिल्या बसनं यवतमाळला आल्या, तिथून मी त्यांना घेऊन पांढरकवड्याला आणि पुढं गावी गेले. रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेतात तूर पिवळी पडत आली होती.

विमलताईंनी आवाज ओळखला आणि त्या उठल्या. कोणी माफी मागितली नाही. विमलताईंनी जमनीबाईंचा हात धरला आणि त्यांना घर दाखवायला निघाल्या. “ही चूल. हा पान्याचा माठ. हे दार, डोकं वाकव, खालती हाय. अठून चार पावलं मोरी. अठी उन्हाची बसतो मी.” भराभर चालत होत्या, कुठं अडखळत नव्हत्या. आणि जमनीबाई, डोळे चांगले असलेल्या, त्यांच्यामागं ओढल्यासारख्या जात होत्या. म्हणाल्या, “हो, हो. मस्त हाय.”

अमरच्या बायकोनं पिठलं-भाकर केली. दोघी शेजारी बसून जेवल्या. विमलताईंनी त्यांचे केस सोडले आणि विंचरून वेणी घातली. अमर म्हणाला, “मावशी, चार दिवस राहा ना. मी सोडून देतो.” विमलताईही लागल्या मागं. जमनीबाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “राहा ना आजी. तुमची खोली कुठं जाते?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “वापस गेलं पाह्यजे.”

मला माहीत होतं त्या का थांबत नाहीत. आश्रमात त्यांची खोली कोणी घेणार नव्हतं. मी शपथेवर सांगितलं असतं. त्यांनी ऐकलं नसतं. तीनच्या बसला आम्ही निघालो. विमलताई अंगणातल्या दोरीला धरून उभ्या होत्या, आम्ही गेलेल्या दिशेपेक्षा थोड्या दुसरीकडंच तोंड करून.

आता तीन नंबरमध्ये राजूरकडून आलेल्या एक बाई आहेत. खाणीत काम केलेल्या माणसाची बायको. दिवसभर टीव्ही लावतात, तोही मोठ्यानं, पण बोलत नाहीत. जमनीबाईंनी दोनदा जाऊन पाहिलं. एकदा लसूणही घेऊन गेल्या होत्या सोलायला. बाईंनी हसून ‘असू द्या’ म्हटलं.

मागच्या महिन्यात मी दुसऱ्या कामासाठी दिग्रसला गेले होते, तेव्हा आत डोकावले. अमरावतीच्या एका संस्थेची मंडळी जुन्या इमारतीचं नवं रूप बघायला आली होती. वामनराव त्यांना खोल्या दाखवत होते. त्यांच्यातल्या एकीनं चार नंबरच्या दारात वाकून विचारलं, “आजी, कसं वाटतं इथं?”

जमनीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. उठून नीट उभ्या राहिल्या.

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “साफसूफ हाय. कोनाचा तरास नाई.”

त्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मंडळी पाच नंबरकडं गेली, आणि जमनीबाई जेवणाची घंटा होईपर्यंत बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या.