केसांची लांबी विचारात न घेता

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या देहापासून वेगळी काढता येत नाही. जो नियम देहाला शिस्त लावायला निघतो, तो अखेर आत्म्याच्या दारात जाऊन उभा राहतो. लंडनमध्ये नोकरीतल्या भेदभावाचे खटले चालवत होतो तेव्हा हे वाक्य मी तीनदा वापरले. एकदा दाढीसाठी, एकदा नाकातल्या चमकीसाठी आणि एकदा एका गृहस्थांच्या सँडलसाठी. सँडलचा खटला मी हरलो.

बॅरिस्टर झालो तेव्हा रिवाजाप्रमाणे घोड्याच्या केसांचा पांढरा टोप विकत घेतला होता. मागाहून कळले की नोकरीचे खटले जिथे चालतात तिथे टोप घालत नाहीत. तो काळ्या पत्र्याच्या डब्यातच राहिला. पुढे मी मिठबावला परत आलो, इथली जुनी सनद पुन्हा कामाला लावली, आणि डबा ओटीवरच्या फळीवर ठेवला. गावात मला बॅरिस्टर म्हणतात. आदराने की थट्टेने, हे मी विचारत नाही.

इथल्या दुपारी वकिलीला फारशा पोषक नसतात. समुद्र दिसत नाही, पण माडांच्या पलीकडे तो कूस बदलत असल्याचे ऐकू येते, आणि समोरच्या कागदावरची ओळ वाचता वाचता आपण कधी तिच्या खाली झोपलो ते समजत नाही. अशाच एका दुपारी, भातकापणीच्या दिवसांत, अंगणात स्कूटर थांबली. उतरलेल्या माणसाने हेल्मेट काढले आणि त्याचे केस खाली आले. खाली आले म्हणजे येतच राहिले. मी अर्धवट झोपेत होतो. मला वाटले, स्वप्नातले कोणीतरी चुकून बाहेर आले आहे.

तो किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आचाऱ्याचा मदतनीस होता. जत्रांच्या हंगामात दशावतारात काम करायचा. दशावतारात बाईची कामे पुरुषच करतात; हा राणी व्हायचा. हॉटेलला नवे मॅनेजर आले होते, शहरातून. त्यांनी नियम काढला की पुरुष कर्मचाऱ्यांचे केस कॉलरच्या वर हवेत. याने कापले नाहीत. त्याला घरी बसवले.

"बायलांका चलतत, मग माका कित्याक नाय?" तो म्हणाला.

माझ्या तीस वर्षांच्या वकिलीचे सार त्याने चहा यायच्या आत सांगून टाकले होते.

मी वकील म्हणून विचारणे भाग होते, "टोप लावून नाही का चालणार?"

"लावलेलो एक वर्सा. राक्षसान केस धरून वढल्यान तर टोप त्याच्या हातात इलो. राणी रडता आनि लोक हसतत. त्या दिसापासून टोप नाय."

टोपाचा विषय निघालाच म्हणून मी फळीवरचा डबा काढून माझा दाखवला. त्याने तो दोन्ही हातांनी वर धरला, उजेडात फिरवला, वास घेतला.

"ह्यो म्हातारेक बरो दिसात," तो म्हणाला, आणि नीट झाकण लावून परत दिला.

आमच्याकडे खाजगी नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध भरभक्कम कायदा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कामावरून काढल्याची तक्रार मात्र करता येते, आणि ती आधी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसच्या सरकारी नगरीत, कामगार अधिकाऱ्यांपुढे समेटासाठी जाते. तिथे वकिलाला उभे राहता येत नाही. दोन्ही पक्षांचे भले व्हावे अशी कायद्याला इच्छा असावी. म्हणून मी त्याला आठवडाभर घरी बोलावून काय बोलायचे ते शिकवले. समानता, उपजीविका, कलेचे स्वातंत्र्य. तो मान हलवायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, पेटीचा सूर लागला की ज्याला जे सुचेल ते तो बोलतो, ही गोष्ट मी विसरून गेलो होतो.

ओरोसला आम्ही एसटीने गेलो: तो, त्याची आई आणि मी. तो आत गेला, आम्ही दोघे बाहेर खिडकीखालच्या बाकावर बसलो. आईने नवी साडी नेसली होती आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळून सोडत होती.

"वकीलानू, नोकरी मेळात मां परत?"

"कायद्यात खात्रीने काही सांगता येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी लंडनमध्ये तासाच्या हिशेबाने विकत असे.

तिने माझ्याकडे एकदा पाहिले, मग डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागली. मला वाटले, माझ्याबद्दल असेल.

सरकारी नगरी दुपारी फार शांत असते. रुंद रस्ते, त्यावर कोणी नाही. झाडाखाली एक गाय, तीही कुठल्याशा खात्यातली असावी अशी. खिडकीतून आवाज येत होते आणि माझ्या पेंगेत ते पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते.

"आमच्याकडे येणारा पाहुणा काही एक दर्जा अपेक्षून येतो," मॅनेजर सांगत होते. "आमटीत केस निघाला तर जबाबदार कोण?"

"स्वयंपाकघरात बायका नाहीत का?" अधिकाऱ्यांचा आवाज.

"आहेत. पण त्या अंबाडा घालतात."

यानंतर माझ्या अशिलाने समानतेवरचे भाषण सुरू करायचे होते. मी जागा झालो आणि कान टवकारले. आत काहीच ऐकू येईना. मी उठून खिडकीतून पाहिले. तो बोलतच नव्हता. त्याने केस मोकळे सोडले होते, आणि जणू समोर आरसा आहे अशा संथपणे, मान किंचित कलती करून, एका हाताने ते गोळा करीत होता. हात फिरला, मनगट वळले, आणि मानेवर घट्ट, गोल, काळाभोर अंबाडा बसला. पिन नाही, दोरा नाही. एवढे करून तो खुर्चीवर टेकला आणि मांडीवरची अदृश्य साडी सारखी केली.

मॅनेजरच्या शेजारी हॉटेलची साफसफाई पाहणारी बाई साक्षीदार म्हणून बसली होती. ती पुढे वाकली.

"गो बाय माझे! माझो अंबाडो न्ह्यारेपर्यंत सुटता. माका शिकय मगे."

"तुम्ही आमच्या बाजूने आहात," मॅनेजर म्हणाले.

"होय तर. पण बघा तरी, कसो बसलो तो."

अधिकारी हसले. आतापर्यंत ते स्वच्छ प्रमाण मराठीत बोलत होते, आता म्हणाले, "गेल्या जत्रेक राणी तूच झालेलंस? वनात गेलंस तेव्हा माझी आवस ढसाढसा रडली होती रे."

पुढचे काम सोपे होते. मॅनेजरना फक्त त्यांचा नियम शिल्लक राहायला हवा होता, कोणताही. उभे राहायला बंदी असली तरी लिहायला नव्हती. मी बाकावर बसून मसुदा केला आणि खिडकीतून आत दिला. त्यातल्या तिसऱ्या कलमाचा मला आजही अभिमान आहे: स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने, स्त्री असो वा पुरुष, केसांची लांबी विचारात न घेता, कामाच्या पूर्ण वेळात डोक्याला जाळी लावावी, जाळी हॉटेल पुरवील. ते लिहिताना मला वाटले होते की लंडनमध्ये जे जमले नाही ते इथे, गुडघ्यावर कागद ठेवून, जमले. सह्या झाल्या, आणि त्याला परत कामावर घ्यायचा दिवस ठरला. परतीच्या एसटीत त्याची आई खिडकीशी बसून सगळा रस्ता हसत होती, आणि उन्हे काजूंच्या बागांमागे उतरत होती. आपले आयुष्य अगदीच वाया गेले नाही, असे मला जवळच्याच कसालपर्यंत वाटत राहिले.

पंधरवड्याने तो पुन्हा अंगणात आला. हेल्मेट काढले. खाली काहीच आले नाही. डोके तुळतुळीत होते, आणि ऊन त्यावर अगदी आनंदाने पडले होते.

"आवशीन नवस केलेल्यान," तो म्हणाला. "थय बाकड्यार बसान. नोकरी गावली तर झिलाचे केस बालाजीक. तिरुपतीक जाऊन इलंव."

मी म्हणालो, "पण केसांसाठीच तर आपण भांडत होतो!"

"माका म्हायत आसा. ती म्हणता, देवाक कायतरी मोठा सांगूक व्हया. आमच्या घरात ह्या केसांपेक्षा मोठा काय आसा?"

 सवयीने मी म्हणालो की दुसऱ्याच्या वतीने केलेला करार, त्याची संमती नसेल तर, त्याच्यावर बंधनकारक नसतो.

"मग? देवाक नोटीस धाडतास?"

आम्ही ओटीवर बसलो. वारा पडला होता. त्याचा हात अधूनमधून मानेकडे जायचा आणि तिथे काही न सापडून परत यायचा. शेवटी त्याची नजर फळीवर गेली. मी डबा खाली काढून दिला. त्या हंगामात तो राणी झाला नाही. राणीची म्हातारी दासी झाला. माझा टोप पहिल्यांदाच माणसांत गेला. राक्षस तिला हात लावत नाही, त्यामुळे टोप डोक्यावर टिकला.

हॉटेलात तो ठरल्या दिवशी रुजू झाला. मध्यंतरी मी तिथे जेवायला गेलो होतो. मोठ्या खिडकीतून स्वयंपाकघर दिसते. तो चुलीशी उभा राहून सोलकढी गाळत होता, आणि तिसऱ्या कलमाप्रमाणे त्याने डोक्याला जाळी लावली होती.