काढून ठेव आणि काढून टाक

राजूरला मोबाईलची रेंज आली तर आली, नाहीतर नाही. शाळेमागच्या टेकाडावर उभी राहून मी भिंगारला भावजयीला फोन लावला आणि घसा फोडून सांगितलं, "अगं, पोराची अकरावीची सगळी पुस्तकं काढून ठेव. रविवारी न्यायला येते." भाचा नुकताच बारावी झाला होता.

पुस्तकं हवी होती माझ्या एका विद्यार्थिनीला. दहावीला छान मार्क पडले होते आणि तिनं सायन्सचा हट्ट धरला होता. बाप वरच्या वाडीतला, भातशेती करणारा. त्यानं स्पष्टच सांगितलं होतं, "फी भरतो. पुस्तकं सगळी फुकाट जमली तर सायन्स, न्हाईतर गप आर्ट्सला जायचं." प्रवेश बंद व्हायला आले होते. जुन्या पुस्तकांचा आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. रिझल्ट लागायच्या आधीच वरच्या वर्गातल्या पोरीला गाठून "तुझी पुस्तकं मला हं!" म्हणून सांगून ठेवायचं, अशीच मीही शिकले. कुणीतरी पेन्सिलीनं 'हे येतंच' लिहिलेलं असायचं, आणि ते खरंच यायचं.

रविवारी मला दारात बघून भावजय हरखली. "वन्सं, अचानक? बरं झालं आलात. तुम्ही सांगितलंत तशी सगळी पुस्तकं काढून टाकली बघा. कपाट कसं मोकळं झालं!"

"टाकली म्हणजे?"

"म्हणजे रद्दीच्या टेम्पोत. सकाळीच गेली."

"अगं बाई! काढून ठेव म्हणाले होते मी, काढून ठेव!"

"मला टाकच ऐकू आलं हो. पुढं नुसती खरखर." ती रडायला लागली. मला तिची दयाही आली आणि दोन लगावाव्यात असंही वाटलं. भावाला जेवत्या ताटावरून उठवलं, त्याच्या गाडीवर मागं बसले आणि भंगाराचं गोडाऊन गाठलं.

आत पाऊल टाकलं, तर छपरापर्यंत पुस्तकं! मला वाटलं होतं फाटकीतुटकी असतील. कसलं काय! कोरी करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली, कुणी उघडूनसुद्धा न बघितलेली. बक्षीस म्हणून दिलेली, आत पोराचं नाव घातलेली. आणि खाली बसलेल्या दोघी बाया एकेक पुस्तक उचलून टर्रकन कव्हर फाडत होत्या. कव्हर एका ढिगात, पानं दुसऱ्यात.

"अहो, फाडताय काय!" मी किंचाळलेच.

"चकचकीत कव्हर लगद्यात इरघळत न्हाई, बाई," त्यातली एक म्हणाली. "येगळंच काढावं लागतं."

म्हणजे धडधाकट पुस्तकाचा लगदा, लगद्याचा कागद, आणि त्या कागदावर पुन्हा तेच पुस्तक! त्यापायी किती पाणी, किती लाकूड जात असेल, देव जाणे. आणि आम्ही मास्तर लोक पोरांना उन्हातान्हात फिरवून 'झाडे लावा'च्या प्रभातफेऱ्या काढतो. शरम वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाच्याला समासात क्रिकेटवाले काढायची खोड, त्यावरूनच आम्ही त्याची पुस्तकं ओळखली. कव्हरं गेलेली, पानं सुटलेली. केमिस्ट्री मिळालं, गणित, बायोलॉजी, भाषेची मिळाली. फिजिक्स नाही. त्याचा गठ्ठा घेऊन ट्रक नुकताच गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांचं पोतं घेऊन वाडीवर गेले. बापानं आत डोकावून पाहिलं. "ही तर रद्दी हाय, मॅडम."

मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण त्याआधी पोरीनं सगळी पानं खालीवर केली आणि विचारलं, "फिजिक्स?"

"नाही मिळालं गं."

ती रडली नाही. एकेक पुस्तक उचलून परत पोत्यात भरायला लागली. "बा म्हनला हुता, सगळी जमली तर." एवढंच बोलली. सोळा वर्षांची पोर, इतक्या शांतपणे!

बाप उठून आत गेला. आता हा काय करतोय, म्हणून मी बघतच राहिले. तो भाताची पोती शिवायचा दाभण आणि सुतळी घेऊन बाहेर आला, पोरीच्या हातातलं पोतं ओढून घेतलं आणि जमिनीवर उलटं केलं.

"एकच ऱ्हायलंय ना? ते नवं आनू," तो म्हणाला. मग सुटी पानं मांडीवर घेऊन, मान खाली घालूनच मला म्हणाला, "मॅडम, ह्यातलं आदी कंचं आन् मागनं कंचं, तेवढं सांगा. मला वाचता येत न्हाई."