बाटलीशिवाय गोळी नाही

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. मी तेव्हा नवीन उपनिरीक्षक होते, बिबवेवाडीच्या बाजूला नेमणूक. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते आणि आमच्या ठाण्यात कार्बन पेपर पुरवून वापरायचा. मी इंग्रजी शाळेतली, त्यात कमी बोलणारी. हवालदार माझ्यासमोर सांभाळून हसायचे.

एका सकाळी एक औषध दुकानदार तक्रार घेऊन आला. एका बाईने दुकानात आरडाओरडा करून टॉनिकची बाटली फोडली होती. मागोमाग बाईही हजर. नवरा कारखान्यात, दोघं यवतमाळकडची.

"बाटली का फोडलीत?"

"मले फक्त याईची प्रेशरची गोळी पाह्यजे होती, मॅडम. हा म्हणते, बाटली घेशीन तरच गोळी. दोन्हीले पैसे कुठून आणू? चार दिवसांपासून गोळी नाही. काल मशीनवरच चक्कर आली त्याईले."

"मग दुसऱ्या दुकानात जायचं."

"गेली होती ना. कोणालेच डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही."

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी तिची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "कॉन्व्हेंटच्या ना तुम्ही? वाचा."

मला एक अक्षर लागलं नाही. साहेबांना फार आनंद झाला.

अदखलपात्र नोंद करून मी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. तीन औषध दुकानांनी हात टेकले. मग ती लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या दारातल्या पेशंटांकडून चिठ्ठ्या मागितल्या, तर उलट मलाच सुनावलं गेलं. "देवमाणूस आहे आमचा डॉक्टर. तुम्हाला काही कामं नाहीत का?" तरी नऊ चिठ्ठ्या मिळाल्या. कुणाला खोकला, कुणाचा पाय मुरगळलेला. पहिल्या ओळीत मात्र सगळीकडे तोच शेपटीवाला फराटा.

मी कोऱ्या कागदावर तो फराटा गिरवला. ना डॉक्टरांचं नाव, ना पेशंटचं. साध्या कपड्यातल्या हवालदाराला दोन पंचांसह त्या तक्रारदाराच्याच दुकानात पाठवलं. दुकानदाराने मान वर न करता टॉनिकची बाटली काढून दिली.

दुकानाच्या वरच डॉक्टरांचा दवाखाना होता; बाईला घेऊन तिथे गेले.

"लोकांना अशक्तपणा असतो," डॉक्टर म्हणाले.

"मुरगळलेल्या पायालाही?"

"आपण डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणूनच वाचून दाखवा म्हणतेय."

मी बाटली आणि माझा कागद टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "दुकान मेव्हण्याचं आहे."

"ते नंतर बघू. आधी या बाईंच्या नवऱ्याच्या गोळीचं नाव लिहा. मोठ्या, सुट्या अक्षरांत."

त्यांनी लिहिलं. अक्षर इतकं सुरेख होतं की मला आणखीच राग आला. बाईने पलीकडच्या गल्लीतून गोळी घेतली आणि तडक घर गाठलं.

मी औषध खात्याला अहवाल पाठवला. प्रकरण विचाराधीन असल्याचं उत्तर आलं. ते अजून विचाराधीनच असावं.

महिन्याभराने दवाखान्यासमोरून जाताना पाहिलं, पेशंटांची रांग होती तशीच. रांगेत तीच बाई.

"अहो, तुम्ही परत इथे?"

"हाताले गुण आहे जी डॉक्टरसाहेबाच्या," ती शांतपणे म्हणाली. "याईचं प्रेशरही उतरलं."

गुन्हा शोधता येतो, पण ज्याच्यावर झाला त्यालाच तो वाटत नसेल तर वर्दी काही कामाची नाही, हे मी त्या रांगेत शिकले.

निघाले तर तिने मागून हाक मारली. "मॅडम, आता मोठ्या अक्षरात लिहून घेते मी. नाही म्हटलं त तुमचं नाव सांगते."